आडव्या झाडाचे कान

३ सप्टेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्ये ड्रायव्हर, मी आणि माझं सामान एवढेच उरलो होतो. उतरले तर समोर रस्ताच संपलेला. पुढे गवताचा मोकळा पट्टा आणि त्यामागे जंगल, या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा ओढून घ्यावा तसं. हवेला ओल्या लाकडाचा वास. कित्येक महिन्यांनी एकदम हुशारी वाटली.

घरमालक न्यायला आले होते. जन्मभर याच रस्त्यावर बस चालवून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायचं ठरवून टाकलं. ट्रायपॉडची लांब पिशवी खांद्यावर घेताना बंदूक आहे का, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले असावेत, कारण त्यानंतर अख्ख्या दिवसात एक अक्षर नाही. त्यांच्या वाटणीचंही मावशीच बोलतात. साबण कुठे ठेवलाय, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, कोंबड्यांमधली भांडकुदळ कोण. जुन्या गोष्टीबद्दल काही विचारलं की मात्र नुसत्या गोड हसतात.

खोली वरच्या मजल्यावर आहे. फिकट हिरव्या भिंती, अरुंद पलंग, शाईचे डाग पडलेलं टेबल. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, एकीवर एक, माझ्या खांद्यापर्यंत आलेल्या. कुणाची खोली ही, म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, कुणाची नाही गं, रिकामीच असते.

काम मनासारखं मिळालंय. प्राध्यापकबाई रंगीत रानअळंब्यांचं सचित्र पुस्तक करताहेत. कडाक्याची थंडी पडेपर्यंत इथे राहून त्यांना फोटो काढून द्यायचे. आजवर स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढले. त्या मानाने अळंब्या सोज्वळ. हलत नाहीत, आणि ‘जरा गोरं करून द्या’ म्हणत नाहीत.

ही वही ताईने दिली. टिल्लू गेल्यापासून मी तोंड उघडत नाही ही तिची तक्रार. बोलत नाहीस तर निदान लिही, म्हणाली. लिहितेय, ताई. खूश?

५ सप्टेंबर, गुरुवार

काय सांगू! हे जंगल म्हणजे रंगाची पेटी सांडलीय कुणीतरी. सकाळी पहिल्याच तासात लाल सापडली, ओल्या पानांत ठेवलेली वाटीच जणू, आतून कुंकवासारखी. मग एका बुंध्यावर पिवळीधमक, लोण्याच्या गोळ्यासारखी लुळी. दगडाआड जांभळ्या छत्र्यांचं अख्खं कुटुंब. आईबाप पुढे, पोरं मागे. खालून आरसा धरला की छत्रीच्या पोटातले पातळ पडदे दिसतात, पुस्तकाच्या पानांसारखे.

सगळं काम पोटावर झोपून. कोपर चिखलात, मुंग्या बाहीत, श्वास रोखून ठेवायचा, कारण फुंकर लागली तरी नाजूक दांड्या डोलतात. अळंबीच्या उंचीवर डोळा नेला की जंगल निराळंच होतं. गवत झाडाएवढं होतं आणि माणसाला तिथे जागाच राहत नाही.

संध्याकाळी कपडे बघून मावशींनी हसत हसत कपाळावर हात मारला. काकांनी बुटांतला चिखल स्वतः काढून बूट चुलीजवळ उपडे ठेवले.

८ सप्टेंबर, रविवार

आज आत बऱ्याच लांब गेले. ओढ्यापलीकडे एक भलंमोठं झाड आडवं पडलंय, बरीच वर्षं झाली असावीत. त्याच्या अंगभर तपकिरी, मऊ, दमट अळंब्या उगवल्यात, आणि त्या हुबेहूब माणसाच्या कानासारख्या आहेत. पाळी, वळ्या, आतला खळगा, सगळं. बोट लावलं तर थंडगार, आणि खालच्या बाजूला बारीक लव.

त्या झाडाच्या शेंड्याकडे मावशी बसल्या होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात त्या बोलताहेत हे लक्षात आलं. झाडाशीच. तोंड कानांच्या अगदी जवळ नेऊन, लाडाने, मधेच थांबून, कुणी उत्तर देतंय तसं मान हलवत. चोरून ऐकतोय असं वाटलं म्हणून मागे फिरले. माणसं देवाशी बोलतात, मांजरांशी बोलतात. घरात तो मुका नवरा. बोलू देत बिचारीला.

जेवताना मी सहज आडव्या झाडाचा विषय काढला. काकांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि उठून अंगणात गेले.

११ सप्टेंबर, बुधवार

आज टिल्लूबद्दल लिहिते. ताई, तुला हेच हवं होतं ना.

आमचं शेंडेफळ. लहानपणी बुटका म्हणून टिल्लू. पुढे सहा फूट झाला तरी टिल्लूच. मला कधी ताई म्हणाला नाही. ताई एकच, मोठी. मी ‘मधले’. ‘ए मधले’, ध जरा लांबवून, शेवटाला आवाज फाटायचा. घशाच्या आजाराने आधी तो आवाज नेला, मग त्याला. शेवटचे काही महिने पाटीवर लिहून बोलायचा. मी फोटोग्राफर. त्याचे फोटो माझ्याकडे हजारो असतील. आवाज एकही नाही. कधी सुचलंच नाही टेप करून ठेवायचं. आणि आता तो आवाज कानातून पुसत चाललाय. ‘मधले’ मनात म्हणून बघते, तर माझाच आवाज ऐकू येतो.

आज आडव्या झाडाजवळ पोटावर झोपून लेन्स लावत होते आणि एकटीच मोठ्याने बोलायला लागले. टिल्लू, बघ रे, कान उगवलेत! मग त्याला ती पिवळ्या रेनकोटची गोष्ट सांगितली. ताईचा रेनकोट मला आला, माझा त्याला. त्याच्या घोट्यापर्यंत यायचा. शाळेतून येताना पठ्ठ्या चरात पडला आणि वर नुसती पिवळी टोपी दिसत होती, आणि टोपीतून हसण्याचा आवाज. मी बाहेर ओढायचं सोडून हसत बसले. आईने दोघांनाही झोडपलं.

किती दिवसांनी एवढं बोलले. घसा दुखला. बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काल जिथे कोपर टेकून बोलत होते, नेमक्या त्याच जागी आज पिवळ्या अळंब्या! कालपर्यंत तिथे काहीही नव्हतं. टोकाला निमुळत्या, टोप्यांसारख्या. असा पिवळा रंग मी जंगलात पाहिलाच नाही, एखाद्या प्लॅस्टिकसारखा चकचकीत. भरपूर फोटो काढले. बाई उडी मारतील.

१५ सप्टेंबर, रविवार

रोज जाते. रोज एकेक गोष्ट सांगते आणि दुसऱ्या दिवशी तिथे नवा रंग असतो. त्याच्या निळ्या स्वेटरची गोष्ट सांगितली, निळ्या आल्या, काठाला उसवल्यासारख्या. आईच्या साडीला गुंडाळून घ्यायचा ते सांगितलं, तर गुलाबी पापुद्रेच पापुद्रे. योगायोग म्हणायचा तर किती म्हणायचा? घाबरायला हवं खरं. पण मला कुणीतरी ऐकतंय असं वाटतंय, आणि त्याचंच सुख होतंय.

ताईचा फोन आला. माझा आवाज खुलल्यासारखा वाटतोय म्हणाली. बोलता बोलता टिल्लूच्या पिवळ्या रेनकोटवरून हसायला लागली. मी म्हटलं, कसला रेनकोट? ती म्हणाली, अगं तोच, चरात पडला तो. मी म्हटलं, तू होतीस का तिथे, मला तर काही आठवत नाही. तिला वाटलं मी थट्टा करतेय. तिचाच काहीतरी घोटाळा होतोय.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नीट लिहिते.

दुपारी आडव्या झाडाजवळ होते. ऊन होतं, वारा अजिबात नव्हता. मी गप्प होते, लेन्स पुसत होते. झाडावरचे कान हलले. सगळे एकदम, अंगावर काटा यावा तसे. आणि खालून, सालीच्या आतून, ओल्या मातीतून यावा तसा आवाज आला.

‘ए मधले.’

ध लांबवलेला. शेवटाला फाटलेला.

मी पळाले नाही. ताई, तू पळाली असतीस का? मी झाडाला मिठी मारली आणि पोटभर रडले. आवाज पुन्हा आला नाही. घरी येताना ओढ्यात तोंड धुतलं. मावशी फाटकाशीच उभ्या होत्या. माझ्याकडे बघून इतकं मायेनं हसल्या की मला कळलं, यांनाही ऐकू येतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज काका बोलले.

मावशी जंगलात गेल्या होत्या. मी निघतच होते, तर ते जिन्यात आडवे उभे राहिले. मला माझ्याच खोलीच्या दाराशी नेलं आणि चौकटीवरच्या रेघांवर हात ठेवला. म्हणाले, या माझ्या मुलीच्या. दर वाढदिवसाला एक. खांद्यापर्यंत आली आणि तापाने गेली.

मी म्हटलं, पण मावशी तर म्हणाल्या...

‘तिला नाही माहीत,’ काका म्हणाले. ‘तिला मुलगी होती हेच माहीत नाही आता. सगळं त्या झाडाला सांगून आली.’

मुलगी गेल्यावर मावशी रडायला जंगलात जायच्या. तिथे बोलायच्या. मग आवाज यायला लागला. जे सांगाल ते झाड घेतं, म्हणाले काका, आणि घेतलं की तुमच्याकडे उरत नाही. एकदा तेही गेले होते बायकोच्या हट्टाखातर. मुलगी जन्मली त्या दिवसाची गोष्ट सांगितली. ‘जन्मली असणार, एवढं कळतं मला,’ म्हणाले. ‘पण तो दिवस नाही. तिथे नुसतं भोक आहे.’ तेव्हापासून त्यांनी बोलणंच सोडलं. चुकून तोंडातून काही निघून जाईल या धास्तीने. मावशी रोज विनवतात, तुमच्याकडे आहे ते सांगा ना, ती उपाशी आहे. कोण उपाशी आहे हे मावशींना सांगता येत नाही. फक्त उपाशी आहे एवढं माहीत.

‘माझ्याशिवाय पोरीला कुणी नाही आता,’ काका म्हणाले. ‘तू जा इथून. तुझं माणूस अजून तुझ्याकडे आहे तोवर जा.’

मी त्यांना शब्द दिला. उद्याच्या बसने जाईन.

२२ सप्टेंबर, रविवार

बॅग भरून ठेवलीय. बस गेली. मी ओढ्याकाठी होते.

प्राध्यापकबाईंचा फोन आला, चिडलेल्या होत्या. पाठवलेले शेवटचे फोटो काय कामाचे, म्हणाल्या. अळंब्यांचे मागितले होते, माणसाचे नाहीत. मी विचारलं, कुठल्या माणसाचे? तो प्रत्येक फोटोत आडवा झोपलेला उंच मुलगा, म्हणाल्या, त्याला बाजूला व्हायला सांगता येत नाही का.

सगळे फोटो पुन्हा पाहिले. मला अळंब्याच दिसतात. पिवळ्या, निळ्या, गुलाबी. झाडाच्या बुंध्यालगत ओळीने. लांबी असेल सहा फूट.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मला उपाय सापडलाय. काकांना सुचला कसा नाही?

चांगलं काहीच सांगायचं नाही. चरात पडला की काय ते गेलं ते गेलं, ताई म्हणते म्हणून खरं मानायचं. उरलेलं सगळं जपायचं. वाईट तेवढं द्यायचं. दवाखाना. गळ्यातली नळी. पाटीवर त्याने शेवटी लिहिलेलं, जे मी ताईलाही सांगितलेलं नाही. ती सकाळ. हे ओझं कुणाला हवंय? घेऊ दे झाडाला. त्याच्या बदल्यात मला आवाज मिळतो. यात माझा काय तोटा?

आज तेच सांगितलं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, काही राखून ठेवलं नाही. सांगताना वाटलं की छाती फुटेल. आणि मग आवाज आला, पूर्ण वाक्य. ‘मधले, उद्या ये हं.’

२५ सप्टेंबर, बुधवार

आज अळंब्या पांढऱ्या आल्यात. शुभ्र, धुतलेल्या चादरीसारख्या. फोटो सुंदर.

किती हलकं वाटतंय! उशीत डोकं ठेवलं की झोप. सकाळी गाणं गुणगुणत खाली आले, तर काका माझ्याकडे बघतच राहिले आणि त्यांनी मान खाली घातली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ताईचा फोन. मी तिला म्हटलं, टिल्लूला जरा समजाव, महिनोन्महिने फोन करत नाही, आवाज ऐकायचा तर मला जंगलात जावं लागतं.

मला वाटलं लाइन गेली. मग कळलं, ती रडत होती. हळूहळू म्हणाली, अगं, टिल्लू नाही ना आता. मी म्हटलं, नाही म्हणजे? कुठे गेला?

तिने सांगितलं. दवाखाना, नळी, सगळं. एक शब्दही मला ओळखीचा वाटला नाही. असं कसं कुणी आपल्या भावाबद्दल बोलू शकतं? मी तिच्यावर ओरडले. असलं अभद्र बोलू नकोस म्हटलं. काल माझ्याशी बोललाय तो.

ती म्हणाली, तू कुठेही जाऊ नकोस, रजा मिळाली की मी येते.

२९ सप्टेंबर, रविवार

काका गेले. झाडाकडे.

मावशींच्या बाजूच्या अळंब्या काळ्या पडून पाझरायला लागल्यात, शाईसारख्या. तिथून येणारा आवाज (मला तो ऐकू यायचा नाही) बंद होत असावा. कारण मावशी परवापासून नुसत्या रडताहेत. जेवत नाहीत. का रडता विचारलं तर म्हणतात, माहीत नाही गं, आत काहीतरी मरतंय. काकांनी त्यांना मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, केस विंचरले. दोन दिवस बघितलं. आज सकाळी दाढी केली, बस चालवायचे तेव्हाचा कोट घातला, आणि मावशींचा हात धरून निघाले.

जाताना वर माझ्या दाराशी येऊन चौकटीवरून हात फिरवून गेले.

दुपारी दोघं परत आली. हसत, हातात हात घालून, नवं लग्न झाल्यासारखी. काका खूप बोलत होते! हवेबद्दल, कोंबड्यांबद्दल. जेवताना मला विचारलं, वरच्या दारावर त्या रेघा कुणी मारल्यात, ओल्या फडक्याने पुसून टाकू का?

आणि पुसल्या.

मला रडू आलं. का आलं ते आता लिहायला बसले तर —

१ ऑक्टोबर

काय राहिलंय माझ्याकडे? वाईट संपल्यावर चांगलंही एकेक देत गेले. शोधत होते. एक मुलगा. उंच. पाकिटात त्याचा फोटो आहे, हसतोय, मागे आमच्या घराचं दार. चेहरा छान आहे. कोण?

झाडाला विचारलं. झाड म्हणालं, ‘मधले, अजून सांग.’

सांगण्यासारखं काही सापडेना. म्हणून आईचं सांगितलं. आणि शाळेचं.

३ ऑक्टोबर

घर आठवत नाही. माझं. रंग कुठला होता —

आज जमिनीवर लाल आल्यात. विटांसारख्या. ओळीने. मधे दार असावं तशी जागा.

तो बोलतो आता, सारखा. सगळं त्याला माहीत आहे. मी विचारते, तो सांगतो. मी कशी होते ते सांगतो. ऐकताना बरं वाटतं. पण ओढा ओलांडून परत आले की —

४ ऑक्टोबर

खालची म्हातारी माणसं चांगली आहेत. चहा देतात. आज तिघंही एकमेकांकडे बघून हसलो. कुणालाच नाव विचारायचं धाडस होईना.

काळं यंत्र गळ्यात आहे. डोळा लावला की जवळचं मोठं दिसतं. कशासाठी ते

५ ऑक्टोबर

एक बाई आलीय. बसने. फाटकातच मला घट्ट धरून रडायला लागली. माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. बाळा, म्हणाली, काय झालंय तुला, चल घरी. तिच्या अंगाला ओळखीचा वास होता, साबणाचा की कशाचा. कोण आहात, विचारलं तर आणखीच रडली.

मला तिची फार दया आली. इतकं कुणी रडतं? माझं तर कधीच सगळं दुखायचं थांबलंय. म्हटलं, चला, तुम्हाला एक जागा दाखवते, तिथे बरं वाटतं.

नको नको म्हणत होती, तरी आली. माझा हात सोडवेना तिला.

आम्ही आता झाडाशीच आहोत. ऊन आहे. मी दगडावर बसून लिहितेय.

आवाज आला. ‘ताई.’

बाई जागच्या जागी थिजली. तोंडावर हात. मग गुडघ्यांवर बसली. टिल्लू, म्हणाली. टिल्लू, माझं सोनं, तू आहेस? कान लावला झाडाला. झाडाचे सगळे कान तिच्याकडे वळले.

‘ताई, काहीतरी सांग ना.’

सांगतेय. हुंदके देत देत, छान सांगते. तीन भावंडं होती म्हणे. मोठी, मधली आणि धाकटा. मधली जन्मली तेव्हा मोठीने तिला मांडीवर घेतलं आणि कुणाला देईचना. ही माझी, म्हणाली, हिला मीच सांभाळणार. सांगताना सारखी वळून माझ्याकडे बघते. मधलीला ताप आला की मोठी रात्रभर जागायची. मधलीच्या वेण्या मोठीच घालायची, घट्ट, डोळे ताणले जाईपर्यंत.

तिच्या गुडघ्यांशी काहीतरी वर येतंय. लहान लहान. आत्ता, बघता बघता. किती सुंदर रंग. याचं नाव मला —

थांबली. माझ्याकडे बघतेय. मघासारखं नाही. डोळे पुसले, पदर सारखा केला, जरा संकोचून हसली. तुम्ही इथल्याच का, म्हणून विचारलं.

बहुतेक, म्हटलं.

पुन्हा झाडाकडे वळली. मधलीचं नाव तेवढं आहे अजून तिच्याकडे, तेवढं सांगून टाकते म्हणाली. मीही पुढे सरकून बसलेय, ऐकायला. मधलीचं नाव